अळकुड्यांच्या रश्शापुढे मौन

समुद्रकाठच्या साकाताहून डोंगरातल्या यामागातापर्यंत गाडी मीच चालवली. माझे यजमान तोकुझो शेजारी बसून वाटेतल्या गावागावाला नावं ठेवत होते.

शिन्जो गावापुढे रस्त्याकडेला सोयासॉसमध्ये उकळलेले कोन्याकूचे, म्हणजे कंदाच्या जेलीचे, काडीला टोचलेले गोळे घेतले. "मोहरी कमी आहे," म्हणत त्यांनी तीन काड्या संपवल्या. मुरायामात थंड सोबा, म्हणजे कुट्टूच्या शेवया, खाल्ला. "या सोब्याचे दोर वळावेत," असं म्हणून वर माझ्या ताटातलाही उचलला. माझा जीव पुढच्या पातेल्यात अडकला होता.

आमच्या चिनात्सुचं लग्न यामागाताच्या कोहेईशी ठरू घातलं होतं. दोन्ही घरं आज पहिल्यांदाच भेटणार होती, तीही नदीकाठी, अळकुड्यांच्या रश्शाभोवती. आम्हा समुद्राकडच्यांच्या रश्शात मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं दाट वाटण, आणि डुकराचं मांस, तर यामागाताकडे सोयासॉस आणि गाईचं. एवढ्याच कारणावरून तोकुझो सख्ख्या चुलतभावाशी नऊ वर्षं बोललेले नाहीत. म्हणून मी गाडीतच बजावलं, "रश्शाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. पोरीचं लग्न आहे."

"नाही काढत," ते म्हणाले. आणि शब्दाला जागले, तिथेच घोळ झाला.

कोहेईचे वडील कुरामोची पहाटेपासून चुलीशी बसले होते. डोळे धुरानं लाल झालेले. "कसा झालाय?" त्यांनी विचारलं. तोकुझोंनी मान हलवली. "अजून वाढू?" पुन्हा मानच. दोन वाडगे संपले तरी माणूस गप्प. कुरामोचींच्या बायकोचा चेहरा उतरला. चिनात्सु मान खाली घालून बसली.

शेवटी कुरामोचींनी पळी खाली ठेवली आणि गुडघे टेकून वाकले. "काही कमी पडलं असेल तर सांगा. मुलगा पसंत नसेल, तर तेही सांगा."

हे सगळं माझंच कर्तृत्व होतं!

"अहो, बोला आता!" मी ओरडले.

"बोलू ना? नक्की?" तोकुझोंनी श्वास घेतला. "साखर! रश्शात साखर घातलीय! हा रस्सा आहे की पाक? मिसो कुठाय? डुक्कर कुठाय?"

कुरामोची ताडकन उठले. "आणि तुमचा तो चिखल? त्या मिसोत अळकुडी बुडवा नाहीतर चप्पल, चव एकच!"

"चिखल म्हणता? रविवारी या आमच्याकडे, खायला घालतो!"

"येतो की! नावं ठेवायलाच येतो!"

काठावरच्या शेजारच्या चुलीभोवतीची माणसंसुद्धा हसायला लागली. चिनात्सु हसता हसता रडत होती, आणि कोहेईला तिला रुमाल द्यायचंही सुचत नव्हतं. कुरामोचींनी घाम पुसला आणि बायकोला हाक मारली, "अगं, बघतेस काय? व्याह्यांना वाढ!"

तोकुझोंनी वाडगा पुढे केला.