माझ्या पायथ्याचा झरा

मी बांध बोलतोय. ओढ्याला अडवून बसलेला मातीचा, बुटका बांध. कुणी ऐकत असाल तर जरा घाईनं ऐका, माझ्याकडे वेळ थोडा आहे.

पूर्वी ओढा फुगला की खालच्या गल्लीत शिरायचा, भांडीकुंडी घेऊन जायचा. म्हणून गल्लीतल्या लोकांनीच मला रचलं. मातीचा थर टाकायचा, पाणी शिंपडायचं, धुम्मस मारून ठोकायचं. ठोकून ठोकून माझं अंग दुखलं, पण त्यानंतर गल्लीत पाणी आलं नाही. पुढे लोक मला विसरले. घरात पाणी येत नाही म्हटल्यावर बांधाची आठवण कोण काढतो?

फक्त धुणंवाल्या मावशीचा नवरा विसरला नाही. त्यानं माझ्या पाठीवर झाड लावलं. "मुळं माती धरून ठेवतील," म्हणाला. माया खरी होती हो त्याची! पण मातीच्या बांधावर झाड म्हणजे अस्तनीतला निखारा. मुळं माझ्या आरपार गेली. मग तो वारला, झाड वाळलं, लोकांनी सरपणाला तोडून नेलं. मुळं मात्र माझ्या पोटातच कुजली आणि तिथं पोकळ वाटा राहिल्या.

एक दिवस माझ्या पायथ्याशी स्वच्छ पाण्याची धार लागली. मावशीला रडूच कोसळलं. "बघितलंस?" ती सुनेला म्हणाली, "जाता जाता ह्यांनी दारात पाणी आणून दिलं." तिनं तिथं धुण्याचा दगड मांडला. अहो, तो झरा नव्हता, मी गळत होतो!

यंदा ओढा काठोकाठ भरलाय. लोकांच्या पोटातलं पाणी हलत नाही आणि माझ्या पोटातलं थांबत नाही. आज सकाळपासून धार गढूळ झाली आहे. ती माझीच माती आहे.

"आई, आज पाणी असं का? चादरी पिवळ्या पडतायत," सून म्हणाली.

"बोळा घालून ठेवू. निवळेल थोड्या वेळानं."

आजार म्हशीला, औषध पखालीला! तिनं जुन्या धोतराचा बोळा भोकात कोंबला. गेलेल्या नवऱ्याच्याच धोतराचा. पाणी आत तुंबलं, बाजूची माती खरवडू लागलं, आणि बोळा फटकन बाहेर उडाला. दोघी हसल्या.

"मामंजींना आवडलं नाही वाटतं," सून म्हणाली.

मावशी मोठा बोळा आणायला घरात गेलीय. दगडाजवळच्या टोपलीत नात झोपली आहे. माझी पाठ खचतेय, मला ते कळतंय, आणि मला हाक मारता येत नाही.

मावशी, बोळा राहू दे. चादरी राहू देत. त्यानं मला तुमच्यासाठीच जपलं होतं गं. टोपली उचल, सुनेचा हात धर आणि चढावर पळ. मी धरून ठेवलंय, पण आता फार वेळ नाही धरवणार.