माझा तुटलेला भ

मित्रांनो, त्या मंगळवारी काहीच विशेष घडलं नाही. म्हणून तर तो दिवस मला ठोक्याठोक्यानिशी आठवतो.

दुपारची जेवणं झाली होती. खिडकीतून आलेला उन्हाचा चौकोन माझ्या कळांवर पसरला होता. मी एक जुना टाइपरायटर आहे, काळ्या रंगाचा, डाव्या खांद्यावरचे पोपडे उडालेला. माझ्यासमोर माझे मालक बसले होते आणि कपाळावर चढवलेला चष्मा टेबलावर शोधत होते. त्यांची लेक दोन दिवस राहायला आली होती. ती आता बॅग भरून दारात उभी होती.

"मागच्या महिन्याचं पत्र मिळालं का, शूरबाई?" त्यांनी विचारलं.

"मिळालं की."

"नव्या कादंबरीचं पहिलं प्रकरण होतं त्यात."

"वाचलं. छान आहे."

"छान!" मालक स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "ऐकलंस का गं? चाळीस मुलांच्या वर्गात हजेरीला एकेचाळिसावं 'हजर' ऐकू येतं, आणि ही म्हणते छान!"

"मग काय तिनं किंचाळावं का?" आतून बायकोचं उत्तर आलं.

"खरं सांगा, भ्यालात का?" मालकांनी पुन्हा लेकीला विचारलं.

"बाबा, बेचाळीस वर्षांची झाले मी."

"हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हे."

"छ्या! कुठे काय!" लेक हसली, वाकून नमस्कार केला आणि गेली.

ती गेल्यावर मालकांनी माळ्यावर सापडलेलं जुन्या गोष्टींचं बाड पुन्हा चाळलं. मग माझ्यात नवा कागद चढवून त्यांनी टाइप करायला सुरुवात केली.

मित्रांनो, हा "छ्या, कुठे काय" पस्तीस वर्षं जुना होता. तो खोटा आहे हे तोवर घरात फक्त मला ठाऊक होतं, आणि मला बोलता येत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे लोखंडाला आकार देणारे हात वेगळे होते, अक्षरं बसवणारे वेगळे. माझी अक्षरं एका बाईंनी बसवली. प्रत्येक अक्षर बसवलं की त्या त्यावर फुंकर मारायच्या. पुढे बरीच वर्षं मी एका कचेरीत काढली. "आपल्या पत्राच्या संदर्भात कळविण्यात येते की" हे वाक्य मी इतक्या वेळा उमटवलं, की कागद नसतानाही ते माझ्या दांड्यांना पाठ होतं. कचेरी बंद झाली, सामान विकायला निघालं, तेव्हा शाळेत गणित शिकवणाऱ्या एका मास्तरांनी मला उचललं आणि छातीशी धरून घरी आणलं.

हे मास्तर म्हणजेच माझे मालक. ते भयकथा लिहीत. गल्लीत त्यांना सगळे भूतमास्तर म्हणत. ते लिहायचे दुपारी, चांगल्या लख्ख उजेडात. म्हणायचे, "अंधारात कुणीही घाबरेल. भर दुपारी मान मागे वळली, तर ती गोष्ट." त्यावर त्यांची बायको म्हणायची, "पानापानावर भुतं नाचवता, आणि न्हाणीघरात झुरळ दिसलं की हाका मला!"

त्यांच्याकडे मी मन लावून राबलो. भूत, भय, भास, भिंत, भेसूर. माझ्या भ ला उसंत म्हणून नव्हती. एका दुपारी 'भयाण' लिहिताना खट्ट आवाज झाला आणि माझा भ तुटून खाली पडला.

दुरुस्तीवाला आला. त्यानं पालथी मांडी घालून मला उलटंपालटं केलं आणि हसायलाच लागला.

"मास्तर, लोकांचा क झिजतो, र झिजतो. भ तुटलेला मी जन्मात पहिल्यांदा बघतोय. काय लिहिता तरी काय तुम्ही?"

"नवा मिळेल का?"

"सुटा नाही मिळायचा. आता भयकथेतलं भय सोडा आणि नुसती कथा लिहा!"

आता माझी एक खुबी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्यासारख्या यंत्रांत पुष्कळ अक्षरं दोन ठोक्यांत उमटतात. आधी अक्षराचा पुढचा भाग, मग उभी काठी. माझा भ मोडला तरी काठी शाबूत होती. म्हणजे 'भूत' लिहिलं, की कागदावर मोकळी जागा, मग एकटी काठी, तिच्या पायाशी उकार आणि पुढे त. पानभर अशा काठ्या उभ्या राहत, कुणीतरी रांगेत उभं करून विसरून गेल्यासारख्या.

त्या काठ्यांना भ जोडायचं काम सात वर्षांच्या लेकीकडे आलं. ती पाटावर उशी ठेवून माझ्या शेजारी बसायची. मास्तर पान काढून तिच्याकडे सरकवायचे आणि ती पेनानं एकेक भ पुरा करायची. तिला वाचता येत होतंच. जोडता जोडता ती सगळी गोष्ट वाचायची. आई पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "पोरगी घाबरली, तर हे काम बंद. सांगून ठेवते."

पान संपलं की मास्तर विचारायचे, "काय शूरबाई, भ्यालात का?"

"छ्या! कुठे काय!"

मास्तरांचा चेहरा उतरायचा. ते पान चुरगळून टाकायचे, दुसरं चढवायचे आणि गोष्ट पुन्हा लिहायचे. एकच प्रसंग पाच-पाच वेळा. बाहेरच्या वाचकांची पत्रं यायची, कुणी कपाटाचं दार उघडं ठेवून झोपत नव्हतं, कुणी आरशावर चादर टाकली होती. मास्तर ती पत्रं वाचून बाजूला ठेवायचे. "ते ठीक आहे," म्हणायचे. "आमच्या शूरबाई भ्याल्या, तर खरं."

मित्रांनो, ती भीत होती. तिचा पाय माझ्या टेबलाच्या पायाला टेकलेला असे आणि तो कापायचा. तिचा भ कापायचा. पण "भ्याले" म्हटलं असतं तर पाट गेला असता, उशी गेली असती, बाबांच्या शेजारची दुपार गेली असती. म्हणून ती शूर झाली. लहानपणी एखादं सोंग घेतलं, की ते उतरवायची वेळ कधी निघून जाते ते कळत नाही.

ती मोठी झाली, शिकली, दूरच्या शहरात नोकरीला लागली. पुस्तकांचं वेड तिला वडिलांकडूनच आलं होतं. मास्तर निवृत्त झाले आणि दर महिन्याला वाचकांना पत्र लिहू लागले. पत्राचे तीन भाग ठरलेले. 'घरची खबर', 'चालू काम' आणि 'वाचून पाहा'. घरच्या खबरीत गुडघेदुखी असे, नळाची गळती असे. 'वाचून पाहा'मधली अर्धी पुस्तकं लेकीनं फोनवर सुचवलेली असत. मास्तर खाली लिहीत, "हे पुस्तक आमच्या शूरबाईंनी एका बैठकीत संपवलं. तुम्ही जपून."

मध्ये काही वर्षं माझ्यावर कापड पडलं. लेकीनं घरात संगणक आणून दिला. त्यात भ धडधाकट होता. मी कोपऱ्यात बसून धूळ खाल्ली, माझी रिबीन वाळली, घंटीत कोळ्यानं घर केलं. जुन्या माणसांनी म्हणावं तसं मीही मनात म्हणालो, चला, संपलं. पण एक दिवस मास्तरांनीच कापड ओढलं, तेलाचे थेंब सोडले आणि म्हणाले, "त्या डब्यात काठ्या उभ्या राहत नाहीत रे."

तेव्हापासून दर महिन्याचं पत्र माझ्यावर होऊ लागलं. खाली कार्बन लावून दोन प्रती निघायच्या. कार्बनच्या प्रतीत मास्तर स्वतः भ भरायचे आणि तिच्या झेरॉक्स काढून वाचकांना पाठवायचे. वरची प्रत मात्र काठ्या मोकळ्या ठेवून लेकीला जायची. सोबत चिठ्ठी, "तुमचं काम तुम्ही करायचं."

ते तिनं केलं की नाही, हे मला बरीच वर्षं कळलं नाही.

मंगळवारी मास्तरांनी पान बरंच खाली आणलं. तेवढ्यात चहाची हाक आली, म्हणून एका शब्दावर थांबले आणि पान माझ्यातच ठेवून उठले. बुधवारी सकाळी पत्रांसाठी पाकिटं आणायला गेले. दुकानासमोरच्या बाकावर जरा टेकले. पाकिटांचा गठ्ठा मांडीवर तसाच होता. दुकानदाराला वाटलं, मास्तरांना डुलकी लागली.

मग घरात खूप चपला आल्या आणि गेल्या. कुणीतरी माझ्यावर कापड टाकलं. पान माझ्या पोटात तसंच राहिलं.

बाराव्या की तेराव्या दिवशी शेजारी म्हणाले, "हे धूड आता देऊन टाका कुणाला तरी."

"हात लावू नका," लेक म्हणाली. एवढंच. तिचा आवाज चढला नाही.

सगळे गेल्यावर तिनं कापड काढलं. तिच्याजवळ एक पिशवी होती. पिशवीत पत्रांचा गठ्ठा होता, दर महिन्याचा, तारखेवार लावलेला. दारात आई उभी होती.

"आणलीस सगळी?"

"सगळी. दोन-दोनदा वाचलेली आहेत गं, पण एकाही काठीला भ लावला नाही. वाटायचं, निवांत बसून लावू."

"ते विचारायचे मला. पोरीला आवडतात का गं माझ्या गोष्टी, म्हणून."

"मग तू काय सांगायचीस?"

"मी काय सांगणार? म्हणायचे, तिलाच विचारा." आईनं पदरानं माझ्या खांद्यावरची धूळ पुसली. "आणि ते विचारायचेच की दर वेळी."

आई आत गेली. लेक खुर्चीवर बसली आणि तिनं माझ्यातलं पान वाचलं. त्यातला शब्दन् शब्द मीच उमटवलेला, म्हणून मला तोंडपाठ आहे.

"चालू काम. कादंबरी थांबली आहे, कारण माळ्यावर जुनं बाड सापडलं. पस्तीस वर्षांपूर्वीच्या गोष्टी, फेकून दिलेल्या पानांसकट. आमच्या हिनं ती पानं सुरकुत्या काढून जपली होती. त्यात लेकीनं पेनानं जोडलेलं अक्षर आहे. जिथे गोष्ट मवाळ आहे, तिथे ते ताठ उमटलंय. आणि जी पानं फसली म्हणून मी फेकली, तिथे ते लटलट कापतंय. गणित शिकवण्यात हयात गेली आणि एवढी सोपी बेरीज आज सुटली.

वाचून पाहा. या महिन्यात पुस्तक नाही. घरातल्या माणसाचं जुनं हस्ताक्षर काढा आणि सावकाश वाचा.

शूरबाईंना मी आता विचारणार नाही. विचारलं की त्या नाही म्हणतात. सांगतील तेव्हा सांगतील. पण वाचकहो, तुमच्यात ठेवा, आमच्या शूरबाई पहिल्यापासून"

पुढे शेवटचा शब्द. वेलांटी, तिच्याखाली मोकळी जागा आणि एक काठी, मग त्र्या.

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रं तुमच्या घरात असतील, तर त्यांना कधीमधी तेल घाला. ती गंजतात ती वापरून नव्हे, नुसती ठेवून. माणसांच्या गोष्टीही नुसत्या ठेवल्या की गंजतात. दुपारच्या दुपार तुमच्यासाठी खपून कुणी विचारत असेल, कसं वाटलं, तर खरं काय ते सांगून टाका. मला एक अक्षर कमी आहे. तुमची तर सगळी जागेवर आहेत.

तिनं पान काढलं नाही. माझ्या रुळावर कागद तसाच दाबून धरला, पेन उघडलं आणि त्या काठीला भ जोडला. तो वेडावाकडा आला. सात वर्षांच्या मुलीचा यावा तसा. तिचा पाय माझ्या टेबलाच्या पायाला टेकला होता.

बाहेर लख्ख दुपार होती. तिनं समोरच्या भिंतीकडे नाही, माझ्याकडेही नाही, पूर्वी शेजारच्या पाटावरून बाबांकडे बघायची तशी मान वर केली.

"भ्याले, बाबा," ती मोठ्यानं म्हणाली. "दर वेळी भ्याले."