कोरा रकाना

साहेबांनी पहिलं पान वाचलं, मान डोलावली आणि दुसरं पान न बघताच सही ठोकली.

पहिलं पान म्हणजे विजेच्या घाऊक बाजाराचा आठवड्याचा सरासरी दर. तो सगळे वाचतात. दुसरं पान माझं. विजेचं मोठं केंद्र अचानक बंद पडलं तर दहा मिनिटांत सुरू होतील अशी लहान केंद्रं कायम सज्ज ठेवावी लागतात, आणि नुसतं तयार बसण्याचेही त्यांना पैसे मिळतात. अशा सहायक सेवांचा आठवड्याचा खर्च मी बावीस वर्षं मांडत आले आहे. ऑफिसात मला ‘दशांशबाई’ म्हणतात, तेही मागून. मागून म्हटलेलं मला बरोबर ऐकू येतं.

गेले पाच आठवडे बाजाराचा दर उतरत होता आणि तयारीचा खर्च चढत होता. मी साहेबांना तसं म्हटलं. ते म्हणाले, लोक खूश आहेत, तुम्हाला कशाला हव्यात उचापती? एवढं गोड बोलून हा माणूस कधी कोणाला वाटेला लावत नाही, म्हणून मला त्यांचाही संशय आला. तसा मला सगळ्यांचाच येतो. दूधवाल्याने माप जास्त घातलं तरी मी आधी दुधाकडे बघते.

जागेवर येऊन मी एकेक केंद्र तपासलं. आठवड्याचे तास एकशे अडुसष्ट. यंत्र म्हटलं की तेल बदला, चाळण्या धुवा, हे आलंच. त्यामुळे कोणाचे तयारीचे तास एकशे पन्नास, कोणाचे एकशे साठ. नदीकाठच्या गॅसच्या केंद्राचे मात्र पाचही आठवडे एकशे अडुसष्ट. वर्गात एखाद्याला पैकीच्या पैकी मार्क मिळाले की मी आधी त्याच्या बाकाखाली चिठ्ठी शोधीन. कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्या केंद्रात माझे जावई चालक आहेत.

त्याच संध्याकाळी लेकीचा फोन आला. आवाज दबका. म्हणाली, महिना झाला, यांच्या कामाच्या कपड्यांना तेलाचा एक डाग नाही. आधी दोनदा साबण लावावा लागायचा, आता नुसते खळबळून काढते. विचारलं तर म्हणतात, काम कमी आहे.

‘‘आई, कामावर न जाता हे दुसरीकडेच कुठे जात असतील का गं? कोणी बाई वगैरे?’’

लेक माझीच. पण मला बाई दिसेना. मला ते एकशे अडुसष्ट तास दिसत होते, आणि शंकेची पाल चुकचुकायची थांबेना.

रविवारी मी त्यांच्याकडे गेले. लेक आत होती. जावई गॅलरीत पंख्याची जाळी पुसत होते, पुसलेलीच पुन्हा पुसत होते. मी स्टूल ओढून बसले आणि यंत्राची तब्येत विचारली. आडवळणाने विचारायचं ठरवून गेले होते, पण ताकाला जाऊन भांडं लपवणं मला जमत नाही.

त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. म्हणाले, यंत्र उघडून ठेवलं आहे. मधला दांडा दुरुस्तीला गेला, आठ दिवसांत येणार होता, पाच आठवडे झाले. मॅनेजर म्हणतात, गवगवा करू नका, बोलावणं कुठे येतंय?

‘‘आणि तुम्ही रोज तयार आहे म्हणून लिहून पाठवता?’’

‘‘नाही आई. आम्ही खोटं काहीच लिहीत नाही. आम्ही काहीच लिहीत नाही.’’

रोजच्या पत्रकात ‘तयार नसलेले तास’ असा एक रकाना असतो. तो कोरा आला तर केंद्र पूर्ण वेळ तयार, असं कॉम्प्युटर धरतो. हे त्याला शिकवलं कोणी? मी. अकरा वर्षांपूर्वी केंद्रं रकाना भरायला आळस करायची, माझं पान सोमवारी अडायचं. मी कॉम्प्युटरवाल्यांना सांगितलं, कोरा म्हणजे शून्य धरा. तेव्हा स्वतःच्या हुशारीवर फार खूश झाले होते. जगावर संशय घेणारी मी, कोऱ्या कागदावर तेवढा विश्वास ठेवून बसले.

‘‘सही कोणाची असते?’’

‘‘दिवसपाळीला माझी.’’

आपलेच दात, आपलेच ओठ. आठवड्यातून एका केंद्राला फोन करून यंत्र चालू करायला सांगण्याचा अधिकार मला आहे, त्यासाठी साहेबांना विचारावं लागत नाही. त्या केंद्राला मी फोन केला तर जावयांची नोकरी जाणार होती. मॅनेजर हात वर करून मोकळा झाला असता. मी विचारलं, तुमची सुट्टी कधी असते? त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

‘‘बुधवारी,’’ ते म्हणाले.

निघताना जिन्यात लेकीला सांगितलं, बाई वगैरे कोणी नाही. तिचा चेहरा एकदम उजळला. ‘‘मग बरं झालं,’’ म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना.

बुधवारी सकाळी अकरा वाजून चार मिनिटांनी मी नदीकाठच्या केंद्राला फोन लावला. हा वार का निवडला ते मला पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी दुसरा कोणीतरी उचलेल, त्याला सासू असली तरी ती मी नसेन. लाज वाटत होती, तरी लावला.

‘‘चाचणी आहे. यंत्र दहा मिनिटांत चालू करा.’’



‘‘यंत्र तयार नाही,’’ जावई म्हणाले. ‘‘पाच आठवडे तयार नाही. लिहून घ्या.’’

या फोनवरचं प्रत्येक बोलणं ध्वनिमुद्रित होतं, तरी माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘आज तर तुमची सुट्टी.’’

‘‘बदलून घेतली. दुसऱ्याच्या गळ्यात कशाला?’’

म्हणजे रविवारी गॅलरीत त्यांनी माझा डाव ओळखला होता. बावीस वर्षांत माझ्यावर संशय घेणारा हा पहिलाच माणूस, आणि त्याचा संशय खरा होता. मला फार वाईट वाटलं, आणि या माणसाचा अभिमानही वाटला. मी फॉर्मवरचा पुढचा प्रश्न वाचला. उत्तर देणाऱ्याचा हुद्दा?

‘‘चालक. पत्रकांवरची सहीही माझीच आहे.’’ मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘ठेवू का, आई?’’

हे चौकशीत सगळे ऐकणार होते.

‘‘ठेवा,’’ मी म्हटलं.

फॉर्मच्या तळाशी शेऱ्याची जागा असते. तिथे लिहिलं, उत्तर देणारे माझे जावई आहेत. त्याखाली लिहिलं, कोरा रकाना म्हणजे तयार, हा नियम माझा आहे. सही करेपर्यंत पर्समधला फोन दोनदा वाजून थांबला. लेकीचा होता. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला.