अर्धी खूण

त्या दुपारी मोठ्या मिस्त्रींनी लेकीने आणलेला तुकडा हातात घेतला, उलटासुलटा केला, हुंगला. एक थर उभा, एक आडवा अशा पट्ट्या चिकटवून केलेली वीतभर जाड फळी. असल्या फळ्यांच्या भिंती कारखान्यातून तयार येतात, महिन्याभरात चार मजले उभे राहतात, हे ती वर्षभर त्यांना सांगत होती. त्यांचं उत्तर ठरलेलं: गोंदाच्या भरवशावर माणसं झोपवायची का?

त्या दिवशी मात्र त्यांनी कानामागची पेन्सिल काढून तुकड्यावर गोल काढला. त्यांची खूण सुतारांच्या पोरासोरांनाही ठाऊक होती. गोल म्हणजे पाहिलं. गोलातून तिरकी रेघ म्हणजे चालेल. तिने रेघेचं विचारलं.

"लाकूड काय पळून जातंय? उद्या बघू."

मग चहा घेतला, तिच्या बुटांच्या चिखलावरून तिला चार शब्द सुनावले आणि आडवे झाले. सकाळी उठलेच नाहीत.

पंधरवड्याने ठेकेदारासमोर तुकडा ठेवण्याआधी तिने रेघ ओढली. त्यांच्याच पेन्सिलीने.

पुढे तिला फारसं बोलावंच लागलं नाही. मोठे मिस्त्री म्हणजे ताकही फुंकून पिणारा माणूस. त्यांनी हो म्हटलं म्हणजे झालंच, असं म्हणत एकाने काम घेतलं, त्याचं पाहून दुसऱ्याने.

पहिल्या इमारतीवरचा सुतार सांगत होता, सकाळी कुणी म्हातारबुवा येऊन भिंत हुंगून गेले. बघ्यांना काय तोटा, असं म्हणून तिने ते हसण्यावारी नेलं. पण भिंतीवर गोल होता. रेघ नव्हती. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि ओढली. दुसऱ्या गावात तेच. तिसऱ्यातही ओढली. अकरा सुतार काम सुरू करायचं थांबून तिच्याकडे बघत होते.

चौथं गाव लांबचं. तिथे मोठ्या मिस्त्रींची खूण पोचली होती, मरणाची बातमी नव्हती. मुकादम हसत सामोरा आला.

"उशीर केलात, ताई. वडील मघाशीच वर गेले. म्हणाले, रेघ राहू दे, ती माझी पोर ओढते."

ती शिडीने वर गेली. मजला रिकामा, भर उन्हात. भिंतीवर, त्यांच्या खांद्याच्या उंचीवर, गोल. बोट लावलं तर शिसं बोटाला आलं. खाली करवती थांबल्या होत्या. रेघ झाली की छप्पर चढवायचं, म्हणून सगळे माना वर करून उभे होते. जिना अजून बसला नव्हता. वरचा शब्द न् शब्द त्याच्यासाठी सोडलेल्या भोकातून खाली जाणार होता.

तिच्या अगदी शेजारी कुणीतरी श्वास घेतला, लाकूड हुंगताना घेतात तसा.

तिने पेन्सिल जमिनीवर ठेवली.

"बाबा," खाली ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती म्हणाली, "तुम्ही हो म्हटलं नव्हतंत. पहिल्यापासून रेघ मीच ओढत आले."