खरेपणाचं पत्र

अमारा गावातलं आमचं घर अजून उभं आहे. रस्त्याकडच्या भिंतीवर लाल रंगात लिहिलेलं आहे: 'या घराकडून रक्त हवं आहे. कुणी विकत घेऊ नये, भाड्यानेही घेऊ नये.'

पाण्याच्या पंपावरून भांडण झालं आणि माझ्या नवऱ्याच्या, गानिमच्या, चुलत काकाने एकाला गोळी घातली. काका देश सोडून पळाला. मेलेल्याचे भाऊ म्हणाले, तो नाही तर त्याच्या पाच पिढ्यांतला कुठलाही पुरुष चालेल. लहान मुलांना हात लावत नाहीत, असं म्हणतात. म्हणतात.

आम्ही दूरच्या हिल्ला शहरात आलो आणि आडनाव बदललं. बदलाची सूचना वर्तमानपत्रात छापावीच लागते, म्हणून गानिमने कुणी वाचत नाही असं वर्तमानपत्र शोधलं, वर नाक्यावरच्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या प्रतीही उचलून आणल्या. महिनाभर त्यात मासे साफ केले. कुणी हरकत घेतली नाही. आम्ही अल-बाबिली झालो.

राहिला फक्त मुनीरचा जन्मदाखला. सहा वर्षांचा झाला होता, तीन आठवड्यांत शाळा सुरू होणार होती.

"वर्षभर राहू दे जुनंच," गानिम म्हणाला. "कोण बघतंय?"

"रोज सकाळी मास्तर हजेरी घेणार ना? सगळ्या वर्गासमोर ते नाव पुकारणार."

"कॉलेजात हेच शिकवलं का तुला, नवऱ्याला गप्प कसं बसवायचं ते?"

त्यावर मी हसले.

नोंदणी कार्यालयातल्या बुशराबाईंनी दाखला उलटसुलट करून पाहिला. "हा अमाराचा. म्हणजे तो खरा आहे असं तिकडून लिहून यायला हवं. आमचं पत्र तिकडे जाईल, त्यांचं उत्तर इकडे येईल."

"पत्रात काय काय लिहिता?"

"जुनं नाव, नवं नाव, बापाचं नाव, पत्ता."

"पत्ता कशाला?"

"छापील कागदच तसा आहे, मुनीरच्या आई. जागा रिकामी सोडली तर परत येतो. टपालाने गेलं तर तीन महिने धरा. लोक हातोहात नेतात, दोन दिवसांत काम होतं. तुम्हीच का जात नाही?"

"मुलाला गाडी लागते," मी म्हटलं.

त्यांनी शिक्का मारला. कागद परत मागावा म्हणून माझा हात टेबलापर्यंत गेला होता. तेवढ्यात मागच्या बाईने आपली फाईल मध्ये सरकवली आणि मी बाजूला झाले. घरी गानिमला सांगितलं, अर्ज दिला. पत्त्याचं सांगितलं नाही.

मग मी मुनीरला नाव घोकायला लावलं. जेवताना, अंघोळीला, चपला घालताना. तुझं नाव काय? मुनीर गानिम अल-बाबिली. खडूने लिहायलाही शिकवलं. दोनदा चुकायचा, तिसऱ्यांदा बरोबर लिहून माझ्याकडे बघायचा.

नवव्या दिवशी बुशराबाईंचा फोन आला. "नशीब काढलंत हो. उत्तर आलं."

मी मुनीरला घेऊन गेले. दुरुस्त दाखला तयार होता, समासात तांबड्या शाईत जुन्या नावाची नोंद.

"इतक्या लवकर कसं?"

"एक गृहस्थ स्वतःच घेऊन आले. म्हणाले, आमच्याच गावची माणसं आहेत, मी इकडे येणारच होतो. मुलगा केवढा झाला, कुठल्या शाळेत घालणार, आपुलकीने विचारत होते. फार सभ्य माणूस. मी चहा मागवला, त्याला शिवलेसुद्धा नाहीत."

बुशराबाई शहरात वाढलेल्या. आमच्या भागात कुणाकडे आलेला माणूस समोरचा पेला तसाच ठेवतो तेव्हा त्याला काहीतरी हवं असतं, आणि ते मिळेपर्यंत तो घोट घेत नाही.

"तुम्ही काय सांगितलंत?"

"मला काय ठाऊक शाळेचं? म्हटलं, पत्ता आहेच की पत्रात, घरीच जाऊन भेटा. का, नातलग नाहीत का?"

मी दाखला पर्समध्ये ठेवला. बाहेर येऊन गानिमला फोन लावला. तो फरशीच्या कारखान्यात असतो, मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही, हे मला माहीत आहे. तरी रस्ताभर लावत राहिले. मुनीरचा हात इतका घट्ट धरला होता की तो म्हणाला, "आई, दुखतंय."

गल्लीच्या तोंडाशी भाजीवाली बसते. रोज हाक मारते. आज टोमॅटो पुसत राहिली, मान वर केली नाही. शेजारचं दार भरदुपारी बंद.

मुनीरने हात सोडवून घेतला आणि पुढे पळाला. मी पोचले तेव्हा तो आमच्या भिंतीपाशी उभा राहून एकेका अक्षरावरून बोट फिरवत वाचत होता. वरची ओळ त्याला येत नव्हती. ती मला पाठ आहे. खालची त्याने पहिल्याच फटक्यात वाचली.

"अल-बाबिली," तो म्हणाला. "आई, बघ, बरोबर लिहिलंय."

त्याने बोट मला दाखवलं. ते लाल झालं होतं. माझ्या कानाशी फोन अजून वाजतच होता.