तिशीच्या आतलं तिकीट

तरुण मुलं नाटकाला येत नाहीत म्हणून नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावचं मराठी मंडळ दरवर्षी गळा काढायचं, आणि तिकीट मात्र असं लावायचं की विद्यार्थ्यानं आठवडाभर उपाशी राहूनच नाटक बघावं. यंदा साधनानं बैठकीत सगळ्यांशी भांडून ठराव करून घेतला. तिशीच्या आतल्या वीस जणांना फुकट प्रवेश, बदल्यात त्यांनी तासभर स्वयंपाकघरात राबायचं. काम संपल्याशिवाय कोणी आत जाऊन बसायचं नाही, ही अटही तिचीच.

एवढा आटापिटा एकाच मुलीसाठी होता. वाखनिंगन विद्यापीठातलं शिक्षण अर्धवट सोडून संहिता, साधनाची एकुलती एक लेक, नाटक शिकायला आम्स्टरडॅमला निघाली, तेव्हा शब्दाला शब्द वाढला होता.

"नाटकानं पोट भरतं का?" साधना म्हणाली होती.

"यू हॅव नेव्हर इव्हन वॉच्ड मी, आई," एवढं बोलून संहिता गेली. सहा महिने दोघींचं बोलणं बंद.

लेक ज्यासाठी घर सोडून गेली ते असतं तरी काय, हे बघायला साधनानं मंडळाच्या नाटकात काम घेतलं. वीस वर्षांपूर्वी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, आता पाळणाघरात पोरं सांभाळणारी ही बाई आरशासमोर स्वगत घोकू लागली, आणि घोकता घोकता तिला लेक कळत गेली. चुकलंच आपलं, असं तिला रोज वाटायचं, पण ते तोंडातून निघत नव्हतं. संहिता आईचं तिकीट घेणार नाही आणि विकत घेणं तिला परवडणार नाही, हे साधना जाणून होती. कष्टाच्या बदल्यात मिळालेली खुर्ची मात्र ती घेईल. साधनानं तिला जाहिरात पाठवली, खाली एकच शब्द लिहिला : ये. उत्तर आलं नाही.

नाटकाच्या दिवशी, रविवारी दुपारी यादीत एकोणीस नावं होती. विसावी खुर्ची साधनानं तरीही मांडायला लावली. पहिल्या अंकात कामं आटोपून मुलं एकेक करून मागच्या रांगेत येऊन बसली. साधना विंगेतून मोजत राहिली. एकोणीसच.

दुसऱ्या अंकातलं स्वगत तिनं त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हटलं. ते एका आईचं स्वगत होतं, तिला अभिनय करावाच लागला नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि तिच्या अंगाची लाही लाही होत होती. एवढं सगळं केलं आणि पोरीला एक दुपार काढता आली नाही! विंगेत येताच, तोंडाचा रंगही न पुसता तिनं मेसेज टाकला : "नाही आलीस ना? कळली मला माझी किंमत. आता या घरी पाऊल टाकू नकोस."

मेसेजखालच्या दोन्ही खुणा लगेच निळ्या झाल्या; तिनं वाचला होता. साधनाला क्षणभर बरंसुद्धा वाटलं.

थोड्या वेळानं नीळकंठ चहा घेऊन आला. स्वयंपाकघर त्याच्याकडे होतं, आणि एरवी त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे.

"वहिनी, भेटली ना संहिता?"

"कोण?"

"अहो, बस चुकली म्हणून मध्यंतरात पोचली. मागच्या दारानं आली, म्हणाली, काका, मीपण तिशीच्या आतलीच, काम द्या. मी म्हटलं, तू जा आत, आईचं काम बघ. तर म्हणे, नको, आईचा रूल आहे, आधी वडे तळते. आईला सांगू नका, नाटक संपलं की मीच जाऊन भेटते म्हणाली. म्हणून तोंड शिवून बसलो होतो."

साधनानं कप खाली ठेवला.

"तुमचं स्वगत सुरू झालं तेव्हा गॅस बंद करून दाराला कान लावून उभी होती. टाळ्या पडल्यावर मला म्हणाली, दॅट्स माय आई. तुमच्याकडेच यायला निघाली होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. वाचला, अ‍ॅप्रन काढून ठेवला, म्हणाली, काका, माझी बस आहे. मला वाटलं, तुमचं बोलणं झालं असेल."

साधना नाटकातल्या नऊवारीतच धावत सुटली. थांब्यावर कोणी नव्हतं. आइंडहोवनची बस वळणावर दिसेनाशी होत होती. तिनं फोन लावला, पुन्हा लावला. चौथ्यांदा लावत असताना संहिताचा मेसेज आला.

"ओके, आई. नाही येणार."