उजवी पाकळी

मी अनंताची सायकल. बोलायला तोंड नाही, हँडलवर एक गंजलेली घंटी आहे तेवढीच. तरीही आज बोलणार आहे. इतकी वर्षं जे पोटात ठेवलं, ते आता ठेववत नाही.

माझे सुटे भाग लाकडी पेटीत बसून उत्तरेकडून आले. म्हापशाच्या एका दुकानात मला जोडलं, तेल पाजलं आणि दारात उभं केलं. गोवा मुक्त होऊन सात-आठ वर्षं झाली होती. अनंत मूळचा पेडण्यातल्या हळर्णचा, डिचोलीला एका खाणीच्या वर्कशॉपात कामाला होता. त्यानं मला पाहिलं आणि घासाघीस न करता घरी नेलं. रोज सकाळी तो मला ओल्या फडक्यानं पुसायचा, मग स्वतः आंघोळ करायचा. त्या लाडांनी मी थोडी शेफारले, हे कबूल करते.

त्याचा जिवलग मित्र गोकुळदास, शाळामास्तर. अनंताला वास्कोच्या बंदरात नोकरी मिळणार होती. फक्त डॉक्टरची तपासणी बाकी होती, तीही बारा दिवसांवर. लहानपणापासून त्याला बोटींचं वेड. एकदा तो तिकडे गेला की भेटी कमी होणार, म्हणून दोघांनी तीन दिवसांची सायकल सहल ठरवली. डिचोलीहून मये, पुढे नार्व्याला फेरीबोटीनं नदी ओलांडायची आणि दिवाडी बेट फिरून यायचं.

सामान काय बांधलं म्हणता! स्टोव्ह, टोप, तांदूळ, दोन वळकट्या, चार नारळ, हँडलला उंड्यांची, म्हणजे गोल पावांची, पिशवी. त्यातलं निम्म्याहून जास्त माझ्या कॅरिअरवर. मास्तरांच्या सायकलीला मात्र चादर आणि छत्री. मला राग आला होता, पण मोठेपणाही वाटत होता.

मयेच्या तळ्याशी दोन वाटा फुटत होत्या. एक तळ्याच्या काठाकाठानं, सपाट. दुसरी डोंगरावरून, खनिजाच्या ट्रकांची.

"पाऊस आत्ताच गेलो, अनंता," गोकुळदास म्हणाला. "तळ्याचो काठ भुसभुशीत आसतलो. डोंगरान जांवया."

"आनी ट्रकांची धूळ खावची? ह्या वज्यान चढ कसो काढूक?"

दोघं अर्धा तास हुज्जत घालत बसले. शेवटी फाट्यावरच्या राष्ट्रोळी या राखणदार देवाच्या छोट्या घुमटीपाशी आले. तिथं बाबाजी नावाचे म्हातारे झाडलोट करत होते. आमच्याकडे माणसाचं एकमत झालं नाही की देवाला विचारतात. बाबाजींनी फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवाच्या पाषाणावर चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. जी आधी गळून पडेल, तो देवाचा कौल. अनंतानं मला घुमटीच्या चौथऱ्याला टेकवलं आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा," बाबाजींनी गाऱ्हाणं घातलं, "हे दोगय तुझ्या पायाकडे इल्ले आसत. तळ्याकडसून जावचां तर उजवी पाकळी दी, डोंगरान जावचां तर डावी दी."

"व्हय म्हाराजा!" अनंत म्हणाला.

पाकळ्या हलेनात. डावीची कड किंचित सुटल्यासारखी दिसली. एवढं ओझं घेऊन तो चढ! आणि मला तळ्याच्या पाण्यात माझं चकचकीत हँडल बघायचं होतं, हेही सांगून टाकते. माझं मागचं चाक जरासं घसरलं. मी घसरले की मी स्वतःला घसरू दिलं, हे मी आजही स्वतःला विचारते. माझं हँडल चौथऱ्यावर आदळलं. उजवी पाकळी खाली पडली.

"दिल्यान! देवान उजवी दिल्यान!" अनंतानं टाळीच वाजवली. बाबाजींचे डोळे मिटलेले होते. गोकुळदासनं आपली सायकल तळ्याच्या वाटेकडे वळवली.

तळं सुंदर होतं, पण माझं रूप मी पाहिलंच नाही. पाव मैल गेलो असू. काठ खचला, पुढचं चाक रुतलं आणि ते सगळं ओझं पाण्याच्या बाजूला झुकलं. मी अनंतासकट कोसळले. त्याचा गुडघा माझ्या दांड्याखाली, दगडावर सापडला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. गोकुळदास धावत डोंगराच्या रस्त्यावर गेला आणि खनिजाचा एक ट्रक थांबवून त्यानं मित्राला दवाखान्यात नेलं.

तपासणीच्या दिवशी अनंताचा पाय प्लास्टरमध्ये होता. वास्कोला दुसरा कुणी लागला. गुडघा पुन्हा वाकला नाही.

"मी अडून बसाक होया होतंय," म्हणून गोकुळदास रडला, तेव्हा अनंतानंच त्याची समजूत घातली. "देवान दिल्लो कौल तो. तू कित्याक रडतंस?"

कुणी मला बोल लावला असता, भंगारात टाकलं असतं, तर बरं झालं असतं. पण अनंतानं मला पुन्हा पुसलं. पेडल मारता येत नाही, म्हणून तो मला काठीसारखं धरून चालू लागला. चोवीस वर्षं त्याच्या अंगाचा भार या हँडलवर येतो आहे, आणि दर वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. वर्षातून एकदा गोकुळदास त्याला माझ्याच कॅरिअरवर बसवून मयेला नेतो. अनंत देवाला नारळ ठेवतो. माझ्या चुकीचा नारळ देवाला!

यंदा अनंताच्या मुलीला, मालतीला, वास्कोला नोकरीचं पत्र आलं. बापाचा जीव धास्तावला. पाठवू की नको, म्हणून तो गोकुळदासला घेऊन मयेला कौल लावायला निघाला. बाबाजी आता नाहीत, त्यांच्या मुलानं पाकळ्या लावल्या, पोरीला पाठवायचं तर उजवी. अनंतानं मला नेमकं त्याच जागी टेकवलं.

तेवढ्यात गोकुळदास पुढे आला. त्यानं मला चौथऱ्यापासून दूर ओढलं आणि कौल होईपर्यंत माझं हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं. तेव्हा मला कळलं. त्या दिवशी त्यानंही पाहिलं होतं.

बराच वेळ गेला. मग उजवी पाकळी आपली आपण सुटली. पोर वास्कोला जाणार होती.

परतताना तळ्यापाशी गोकुळदास थांबला. "अनंता, त्या दिसा पाकळी देवान दिली नाय. सायकल घसारली, हँडल आपाटलां, म्हणान पाकळी पडली. मी बघलंय. पण तू कितको खूश झाल्लंस. मी गप रवलंय."

अनंत कॅरिअरवरून उतरला. त्यानं आमच्याकडे पाहिलं नाही. मला न धरता तो एकटाच चालू लागला, पाय ओढत, चोवीस वर्षांत पहिल्यांदा. दहा पावलं गेला असेल. मग त्याचा तोल गेला. गोकुळदासनं मला धावत पुढे नेलं आणि अनंताचा हात माझ्या हँडलवर पडला. त्यानं तो काढला नाही. तो तसाच घरापर्यंत चालत आला.

आज चौथा दिवस. मी पडवीत उभी आहे. मला अजून कुणी पुसलेलं नाही, आणि तेच योग्य आहे. माझं एकच मागणं आहे. भंगारात द्या, गंजू द्या, पण पुन्हा कधी मला देवाच्या चौथऱ्याला टेकवू नका.